उतारावरची हाक

४ नोव्हेंबर

वनखात्याच्या बाई आज येऊन गेल्या. जेवणाच्या तंबूत येण्याआधी त्या जनरेटरच्या शेडपाशी थांबल्या आणि तिथूनच बोलल्या. बोलल्या म्हणजे ओरडल्या, कारण टाकीत पाणी चढवायला सकाळी जनरेटर लावला होता. हंगाम आहे तसा सुरू करा, शेवटी तपासणी होईल. तोवर हा आवाज बंद झाला पाहिजे, दिवे झाकले गेले पाहिजेत, गाड्या निम्म्या, सांडपाणी नदीत नाही. यातलं एक जरी राहिलं तरी परवाना पुढे नाही. नदीकाठची ही पर्यटकांची छावणी उठवायची.

नवरा मान हलवत राहिला. त्या गेल्यावर म्हणाला, "तू बघ. तुझ्या शिक्षणाचं काम आहे."

लग्न होऊन इथे आले त्याला दोन वर्षं झाली. पाहुण्यांना चहा विचारणं आणि चादरी मोजणं यापलीकडे काम नव्हतं. म्हणून ही वही काढली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे दिवेलागणीला काहीच चालू नसेल?" म्हटलं, काहीच नाही. त्यांनी निवडायचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं. दिवसभर मग माझ्याशी गोड वागत होत्या. एरवी त्या तशा नसतात.

७ नोव्हेंबर

इथे सगळे मोठ्याने बोलतात. आचारी तर जनरेटर बंद असतानाही ओरडूनच मीठ मागतो. शेड स्वयंपाकघराला लागून आहे आणि दिवेलागणीपासून निजेपर्यंत तो आवाज भिंतीसारखा मध्ये उभा असतो.

सासूबाईंच्या भासाबद्दल इथे लिहून ठेवते, कारण आवाज कमी झाल्यावर फरक पडतो का ते पाहायचं आहे. उजेड उतरायला लागला की त्यांचे हात थांबतात. मान नदीकडे कलते. म्हणतात, "बोलावतोय." नवरा जवळ असला तर प्रत्येक वेळी तेच उत्तर देतो, त्याच आवाजात. "जनरेटर आहे, आई. भास होतो तुला." त्या मान डोलवतात. शहरातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, संध्याकाळी एक.

बोलावतोय तो धाकटा. माझा दीर. मी त्याला पाहिलेलं नाही. आमच्या लग्नाच्या आधीच गेला. पलीकडच्या काठावर पायी जनावरांचे माग बघायला गेला होता. परतताना नदीचा उतार, म्हणजे जिथे पाणी गुडघ्याइतकंच आहे ती जागा, ओलांडून उंच गवतात शिरला. गवतात हत्ती होते. नवरा सांगतो की क्षणात झालं, हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल, आणि मारली असती तरी इतक्या लांबून कोणाला ऐकू आली नसती. धाकट्याला धीर नव्हता, असंही सांगतो.

त्याचा एकच फोटो घरात आहे. फोटो काढणाऱ्याकडे बघून तो हसतोय. फोटो नवऱ्याने काढलेला आहे.

१६ नोव्हेंबर

आज शेडमागची जागा साफ केली. तेलाने काळी झालेली माती, फुटके डबे, आणि मातीत अर्धा गाडलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. वर भोक पाडून साखळी ओवलेली. मेकॅनिकला विचारलं. त्याला सगळे पाना म्हणतात, आणि तो नवऱ्याला दादा. खिशात पाना नसला की त्याला चालताना तोल सांभाळता येत नाही, असं आचारी म्हणतो.

पाना म्हणाला, हा जुना नियम आहे. पायी गेलेल्या माणसाने परतताना उतारापाशी पाण्यातच थांबायचं आणि हाक मारायची. छावणीतल्या कोणीतरी मचाणावर चढून गवत बघायचं. गवत मोकळं असेल तर रुळावर दोन ठोके. जनावर असेल तर ठोकतच राहायचं. ठोके ऐकल्याशिवाय गवतात पाय टाकायचा नाही. जनरेटर आल्यावरही नियम तोच राहिला, उलट एक भर पडली: पायी गेलेलं माणूस घरी आल्याशिवाय जनरेटरची किल्ली फिरवायची नाही.

मी विचारलं, मग धाकटा गेला त्या दिवशी?

पान्याने हात पुसले. "मी रजेवर होतो, वहिनी. किल्ली दादांकडे होती. पाहुण्यांना उकडत होतं."

मग त्याने विचारलं, रुळाला रंग देऊ का. मी नको म्हटलं. रंगाचे पोपडे मातीत पडतात. रूळ तसाच धुऊन स्वयंपाकघराबाहेरच्या झाडाला टांगला. गाड्या निम्म्या झाल्या की माणसं पुन्हा पायी फिरणार, आणि विजेवाचून चालणारी याच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही. मला आनंद झाला. नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा झाडाखाली थांबला आणि मग मागच्या बाजूने आत गेला.

२९ नोव्हेंबर

सौरपट्ट्या बसल्या. बॅटऱ्यांना थंड, कोरडी खोली हवी आणि तशी एकच आहे, धाकट्याची. मी विषय काढायला दोन दिवस घाबरत होते. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आई ऐकायची नाही, राहू दे हा नाद, जनरेटरवर पेटी घालू, आवाज कमी होईल.

सासूबाईंनी स्वतः खोली रिकामी केली. कपडे, दुर्बिणीचा डबा, एक बूट. दुसरा बूट नव्हताच. सगळं एका ट्रंकेत भरून ट्रंक आपल्या खाटेखाली सरकवली. पान्याला म्हणाल्या, "बसव तुझ्या बॅटऱ्या. लवकर बसव."

नवरा दाराशी उभा होता. त्याला वाईट वाटलं असणार. माणसं जाण्यापेक्षा खोल्या जाणं जास्त लागतं कधीकधी.

३ डिसेंबर

पहिली शांत संध्याकाळ.

पान्याने किल्ली फिरवली आणि तो आवाज गेला. आधी वाटलं माझेच कान बंद झाले. मग एकेक गोष्ट आली. झाकण ठेवल्याचा आवाज. शेवटच्या तंबूची चेन. नदी. इतक्या वर्षांत दिवेलागणीला नदी इथून कोणी ऐकलीच नव्हती. आचारी कुजबुजला, "आता माझ्या शिव्याही पाहुण्यांना फुकट." आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

वाटेवरचे दिवे पोटरीच्या उंचीचे, पिवळे, वरून झाकलेले. उरलेला अंधार अंधारासारखा होता. सासूबाई पायरीवर होत्या. उजेड उतरला. हात थांबले नाहीत. मान कलली नाही. "बोलावतोय" म्हणाल्या नाहीत.

नवऱ्याने जेवण अर्धं टाकलं. म्हणतो, कान वाजतात.

६ डिसेंबर

दुपारी सासूबाईंनी विचारलं, सांडपाणी गाळायच्या वाफ्यांसाठी लव्हाळं आणायला उतारापाशी जाणार ना. म्हटलं, हो.

"परतताना मला एक हाक मार."

म्हटलं, नियमच आहे तो आता.

"तशी नको. ओरडू नकोस. दमलेलं माणूस मारतं तशी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि नेहमीचं काही नको म्हणूस. मला आधी ठाऊक नसलेलं काहीतरी म्हण."

म्हाताऱ्या माणसांचे खेळ. पण मलाही तपासून पाहायचंच होतं. ऊन उतरल्यावर गुडघाभर पाण्यात उभी राहिले, काखेत लव्हाळ्याची मोळी, आणि घरात बोलते तशा आवाजात म्हटलं, "आई, बटाटे आणू का?" मला स्वतःलाच हसू आलं. मग दोन ठोके पडले, सावकाश, आणि मी गवतातून आले.

त्या रुळाखाली उभ्या होत्या. हातात लोखंडी दांडा. चेहरा असा की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय.

म्हणाल्या, "बटाटे आहेत घरात."

नवरा मागच्या खुर्चीवर बसला होता. त्यानेही ऐकलं असणार. मी त्याला म्हटलं, बघ, इतक्या लांबून शब्द न् शब्द. तो उठला आणि डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला. नवीन गोष्टीचा ताण त्याला असाच येतो.

संध्याकाळची गोळी द्यायला गेले तर सासूबाईंनी सगळी पाकिटं माझ्या हातात दिली. मी कचऱ्याचे वेगवेगळे डबे केल्यापासून त्या माझी थट्टा करतात. "ह्या कोणत्या डब्यात जातात गं तुझ्या?"

मी सांगितलं, औषधं कुठल्याच डब्यात नाहीत, परत शहरात पाठवायची.

"पाठव मग."

१४ डिसेंबर

भास थांबले. एकदाही नाही. आवाज माणसाच्या डोक्याचं काय करतो यावर वाचलं होतं, पण घरात घडताना पाहिलं नव्हतं. त्या झोपतात, जेवतात, आचाऱ्याशी भांडतात. फक्त थोरल्याशी, म्हणजे नवऱ्याशी, बोलत नाहीत. वाढतात, पण बोलत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "बोलते की. त्याला ऐकू येत नाही."

घुबड शेडच्या पत्र्यावर बसायला लागलं आहे. दिव्यांखाली सकाळी किड्या-पाखरांचा सडा पडायचा, तो नाही. शेवटच्या तंबूतल्या पाहुणीने सांगितलं की तिने हरणांचं चरणं ऐकलं, गवत तुटतानाचा आवाज.

२ जानेवारी

छावणीच्या नव्या पत्रकाचा मजकूर लिहिला. पाणी कसं वाचतं, बाटल्या का नाहीत, गाड्या कमी का. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं: उतारावर कुजबुजलं तरी छावणीत ऐकू येतं.

नवऱ्याने सगळं वाचलं आणि तेवढंच वाक्य खोडलं. शाई पलीकडच्या पानावर उमटली.

म्हटलं, का?

"जाहिरात वाटते."

पत्रक म्हणजे जाहिरातच असते. पण मी कागद परत घेतला. गेले काही दिवस त्याच्याशी बोलताना आधी शब्द निवडावे लागतात. नदीकडच्या बाजूला तो जात नाही. गाड्या दोनच उरल्या आहेत आणि त्यातली एक नेहमी त्यालाच लागते, अगदी कुंपण बघायलाही.

१९ जानेवारी

दिवेलागणीला जनरेटर सुरू झाला. मी धावत गेले, वाटलं बॅटऱ्या संपल्या. नवरा शेडमध्ये उलट्या बादलीवर बसला होता.

तो म्हणाला, यंत्र पडून राहिलं तर गंजतं, अधूनमधून फिरवावं लागतं.

पान्याला विचारलं. पाना खाली बघत म्हणाला, अधूनमधून म्हणजे आठवड्यातून एकदा, आणि ते सकाळी मी करतो. "दादा तर चार दिवस रोज लावताहेत, वहिनी. तुम्ही लांब वाफ्यांकडे असता तेव्हा. तारसुद्धा जोडलेली नसते. नुसताच फिरतो."

कशालाच वीज न देता. धूर तेवढा खरा. महिनाभर मी एकेका बादलीचं पाणी वाचवतेय आणि हा माणूस रिकामं यंत्र फिरवतोय.

आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले. परवाना जाईल, छावणी जाईल, तुझ्या वडिलांनी उभी केलेली एवढीच गोष्ट आहे, सगळं म्हणून झालं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "थोडाच वेळ. अंधार पडेपर्यंत चालू दे. मग करतो ना बंद."

व्यसन दारूचंच असतं असं नाही. मी किल्ली काढून घेतली.

२० जानेवारी

किल्ली माझ्याकडे ठेवली तर तो मागेल आणि मी देईन, हे मला माहीत होतं. म्हणून सासूबाईंना दिली. त्यांनी ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली, मग मिठाच्या बरणीत खाली दाबून ठेवली.

दिवेलागणीला नवरा स्वयंपाकघराच्या दाराशी आला. आईकडे बघितलं. बरणीकडेही बघितलं बहुतेक. मग परत गेला. वाघाला न भिणारा माणूस आईपुढे मांजर. आचारी आणि मी नंतर खूप हसलो. सासूबाई हसल्या नाहीत.

११ फेब्रुवारी

नवरा बारीक झाला आहे. कानात कापसाचे बोळे घालून झोपतो. सकाळी उशीवर ते बोळे पडलेले दिसतात. मी त्याला शहरात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं. तो म्हणाला, कान चांगले आहेत.

२४ फेब्रुवारी

तपासणी झाली. बाई मोजायचं यंत्र घेऊन पायरीवर बसल्या आणि बराच वेळ त्यांनी ते सुरूच केलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. लव्हाळ्याच्या वाफ्यातून गाळून आलेलं पाणी त्यांनी ओंजळीत धरलं, वास घेतला. दिवे पाहिले. म्हणाल्या, झालं. दोन गोष्टी राहिल्या: जनरेटर आवारातून हलवा, आणि पलीकडच्या काठावरचा जुना पाण्याचा नळ उपसून काढा. मग सही.

सासूबाईंनी मिठाची बरणी उपडी केली आणि किल्ली पान्याला दिली. तिच्यावर गंज चढला होता. ट्रकवाल्यांनी दोर लावून यंत्र उचललं. खाली चौकोन राहिला, काळा. ती माती उकरून पोत्यांत भरली. नवरा पोती शिवत होता. काम त्याने कोणाला दिलं नाही.

२ मार्च

एक गाडी पाहुण्यांकडे, दुसरी घेऊन पाना शहरात. नळ आज निघायलाच हवा होता. सकाळी सासूबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "चालत जा की. तुझा भाऊ जायचा."

तो गेला. पहार आणि करवत घेऊन, एकटाच. माणूस सोबत ने म्हटलं तर नको म्हणाला.

दिवेलागणीला मी पातेली घासत होते. सासूबाई पायरीवर होत्या. निवडायच्या ताटाखाली लोखंडी दांडा त्यांच्या मांडीवर होता, तो तिथे कधी आला ते मी पाहिलं नाही. वारा नव्हता. नदीवरून हाक आली. दमलेल्या माणसाची, साधी.

म्हटलं, आई, आला.

त्यांचे हात ताटात फिरत राहिले. "भास होतो तुला."

मला वाटलं थट्टा आहे. पुन्हा हाक आली. मी म्हटलं, बोलावतोय तो.

"जनरेटर असेल."

शेडच्या जागी काही नव्हतं. उकरलेला खड्डा होता. मी त्या खड्ड्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. पातेलं हातातून खाली ठेवलं. हात ओले होते, ते कशाला पुसावेत ते सुचेना. पान्याने हात पुसले होते ते आठवलं. किल्ली दादांकडे होती. पाहुण्यांना उकडत होतं. रोज त्याच वेळी, त्याच आवाजात: भास होतो तुला. पहिल्यांदा तो हे कोणत्या संध्याकाळी म्हणाला ते आता कळलं.

मी दांडा मागितला. अंधार पडतोय, म्हटलं, गवत नीट दिसायचं नाही मग.

"थांब," त्या म्हणाल्या. "धाकट्याला धीर नव्हता म्हणतात. याला असेल."

आम्ही बसून राहिलो. मी रुळापाशी जाऊ शकले असते, दगडाने ठोकू शकले असते. गेले नाही. तो पाण्यात उभा होता हे इथून कळत होतं. पाय बदलला की पाणी हलल्याचं ऐकू येत होतं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि माझ्या मनात आलं की तो निघाला गवतात.

तेवढ्यात हाक आली. या वेळी नुसती हाक नव्हती. "आई," तो म्हणाला. ओरडून नाही. जवळ बसलेल्या माणसाला म्हणावं तसं.

सासूबाई उठल्या. मचाणावर चढायला त्यांना वेळ लागला, मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. वरून त्यांनी गवत बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. मोकळं होतं. मलाही दिसत होतं. तरी त्या बघत राहिल्या. मग खाली आल्या आणि दोन ठोके दिले. दुसऱ्यानंतर दांडा हातातून सुटला.

तो आला तेव्हा मांड्यांपर्यंत भिजलेला होता. पायरीवर बसला. बूट काढले नाहीत. सासूबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. कितीतरी दिवसांनी त्या त्याच्या इतक्या जवळ बसल्या.

तो म्हणाला, "तुला ऐकू येत होतं."

"येतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून येतं."

 नदी ऐकू येत होती. ती आता थांबवायची सोय नाही.

५ मार्च

बाईंना पाठवायचं शेवटचं निवेदन लिहिलं. नळ काढला. माती हलवली. आवाजाच्या जागी काय लिहावं यावर सकाळ गेली. शेवटी लिहिलं: दिवेलागणीच्या वेळी उतारावरून मारलेली साधी हाक स्वयंपाकघराच्या पायरीवर स्पष्ट ऐकू येते.

नवऱ्यापुढे कागद ठेवला. त्याने सावकाश वाचला, त्या ओळीपाशी थांबला. खोडलं नाही. खाली सही केली.